धोट्याखालची तारीख

ऑगस्ट १७४६

प्रिय आईस, तुझ्या गिल्बर्टचा नमस्कार.

मी धडधाकट आहे. ओटची पेज रोज पोटभर मिळते. तुझा गुडघा कसा आहे?

इथे इसोबेलच्या नवऱ्याच्या थडग्याचा दगड कोरतोय. तो विणकर. एप्रिलात राजाविरुद्ध लढताना कलोडनच्या माळावर पडला. शिपायांना कळलं तर दगड फोडतील आणि मला नेतील, म्हणून तलवार टाळली. वर कवटी, वाळूचं घड्याळ आणि खाली त्याचा विणायचा धोटा कोरला.

इसोबेल म्हणाली, "तारीख मात्र खरीच घाल, लढाईच्या दिवसाची. मेलेल्या माणसाशी खोटं बोलू नकोस."

घातली.

काल राजाचा एक हवालदार चर्चच्या आवारात आला. "कोण रे हा?" मी धोट्यावरची धूळ पुसत राहिलो.

शेजारी उभी इसोबेलच म्हणाली, "माझा नवरा. विणकर होता. तापाने गेला."

त्याने वाकून तारखेच्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं. मग म्हणाला, "माझा भाऊही याच तापाने गेला, बाई. याच दिवशी."

आणि निघून गेला. आता तो परत येईल का, एकटाच येईल का, काही कळत नाही. छिन्नी आवरून ठेवलीय गं.

धाकट्या भावाला घराबाहेर सोडू नकोस. आणि हे वाचून लगेच चुलीत घाल.

तुझा,
गिल्बर्ट