गार ठेवायची पाळी

दिल्ली,
८ ऑक्टोबर २०२५

ती. आबा,

तुमाला आणि आईला दंडवत. छकुले, आबांना वाचून दाखवताना मधलं काय गाळायचं न्हाय, आणि हसायचंबी न्हाय.

मी बरा हाय. हितं सकाळी गारवा सुटलाय. गाय व्याली का? फोनवर तुमी ‘कधी निघतोस’ एवढंच विचारता, मी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवतो. म्हणून कागद घेतला.

पाडव्याला लोणी देवकरच्या कंपनीचे साहेब आपल्या गावच्या आप्पासाहेबांकडं येणार, तवा नोकरीसाठी मला समोर उभं करायचं ठरलंय, हे आईनं सांगितलं. माझ्यापायी तुमी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलात. तुमी कुणाच्या ओट्यावर बसत न्हाय, हे मला ठाऊक हाय.

त्याचं पुढं लिहितो. आधी हितलं काम सांगतो, कारण तुमी लासुर्ण्यात सांगत फिरता की पोरगं बॉम्बच्या हापिसात हाय. बॉम्ब न्हाय. अणूच्या पोटात एक गाभा असतो, त्याचा आकार हुडकतात. तुमी कलिंगडाला टिचकी मारून आतलं सांगता, तसंच जवळपास. हितली माणसं गाभ्यावर गाभा आदळतात, तो गरागरा फिरतो, आणि शांत होता होता अंगातली किरणं टाकतो. ती किरणं बघून कळतं, गाभा अंड्यासारखा लांबट हाय का चपटा. आपल्या नागपूरकडच्या मेघना मॅडम हाईत, त्या म्हणाल्या, पुरा गोल असला तर तो फिरतोय का न्हाय ते दिसतच न्हाय. मी म्हणालो, मग आमच्या आबांना बोलवा, मी फिरताना त्यांना लांबनं दिसतो. लई हसल्या.

किरणं पकडणारी यंत्रं कायम गार लागतात. त्यांच्यात पाण्यासारखा पातळ केलेला नायट्रोजन भरायचा, बर्फाच्या कितीतरी पट गार. तो आपोआप उडून जातो, की परत भरायचा. यंत्र तापलं की मोजणी गेली. हे भरायचं काम माझं. वालचंदनगरचं वेल्डिंग सोडलं, ट्रॅक्टर सोडला, हे अजून सुटलं न्हाय. का, ते मलाबी नीट सांगता येत न्हाय.

हितं आदळायचं मशीन एकच, आणि माणसं देशभरातली. म्हणून पाळ्या लावतात, आपल्या कालव्यासारख्या. मॅडमची पाळी लई वाट बघून आली, तीबी ऐन दिवाळीत, कारण ती कुणालाच नको होती. माझ्या जोडीच्या गड्याच्या बहिणीचा साखरपुडा हाय, तो गावी चाललाय. मी मॅडमना सांगितलं, मलाबी घरी जायचंय. त्या रागावल्या न्हाईत. म्हणाल्या, "जा रे, आम्हीच आळीपाळीनं भरू." मोजणी सोडून त्या नळ्या धरणार. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी निघालो असतो.

आबा, मामाच्या लग्नाला तुमी आला न्हाईत. कालव्याला पाणी सुटलं होतं आणि आपली पाळी होती, तुमी रानात दारं धरून पिकाला पाणी देत होता. आई सगळ्या मांडवात तोंड लपवत होती, घरी येऊन भांडली. तुमी चिखलाचं पाय धूत एवढंच म्हणालात, "पाणी आपल्याला इचारून येत न्हाय." मला तवा तुमचा राग आला होता. नवे कपडे घालून मी दारात तुमची वाट बघत बसलो होतो.

मी परवा तिकीट रद्द केलं.

पाडव्याला मी नसणार. आप्पासाहेबांपुढं तुमचा शब्द खाली पडंल, ती जागा दुसऱ्याला जाईल, हे सगळं कळतंय. तुमी म्हणाला होता, तू कुठंच टिकणार न्हाईस. त्याचा राग धरून मी हे करत न्हाय. आप्पासाहेबांना एवढंच सांगा की पोरगं पळालं न्हाय, पाळीवर हाय. त्यांचाबी ऊस त्याच पाण्यावर हाय.

आईला माझी करंजी ठेवू नको म्हणावं. ठेवलीच तर ठेवू द्या.

दारं धरून उभा असलेला,
तुमचा
दिग्विजय