ओला ओटा

शिरपूर, रविवार, १२ जानेवारी १९९२

अजून डोकं तापलेलंच आहे. वाचनालयात आज त्या वकिलाच्या कादंबरीवर मतं सांगायची होती. बेघर माणसांसाठी कोर्टात भांडणारा वकील. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण चष्मा लावून सगळी वाचली. खुनाचा तपास जमलाय, वकील मात्र बोलतो फार.

आमचे गावातले वकील नाना म्हणाले, "खऱ्या कोर्टात असं काही होत नाही." शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मी तर रडले हो." सगळ्यांनी माना हलवल्या. आणि बाहेर ओटा ओला.

त्या ओट्यावर जनाबाई झोपते. तिला घर नाही. मी आत जाताना गाठोडं धरून उभी होती. म्हणाली, "अक्का, ओटा वला शे. आते मी कोठे निजू?" शिपाई रोज संध्याकाळी तिथे बादली ओततो. उन्हाळ्यात थंडाव्याला ओततात, ते ठीक. परवावर संक्रांत आली, आता कसला थंडावा?

माझी पाळी आली तेव्हा हेच विचारलं. सेक्रेटरी भाऊ हसले. "अक्का, पुस्तकावर बोला ना."

मग मी कशावर बोलत होते?

उठले आणि खालची सतरंजी ओढली. सगळ्यांना उठावंच लागलं. बाहेर ओटा पुसला, वर सतरंजी चार पदरी घातली, जनाबाईला बसवलं.

भाऊ मागोमाग आले. "अक्का, सतरंजी वाचनालयाची आहे."

"मग माझ्या कार्डावर लिहा. उन्हाळ्यात परत करते."