डॅडींच्या बंदुकीचा कागद

शनिवार, ११ ऑक्टोबर १९९७
कोय फ्यूगेट गेला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी — शवतपासणी अधिकारी मिसेस नेपियर यांनी फोनवर सांगितलं. पाच गोळ्या. मशीनगन आमच्या डॅडींची, हात माझ्या भावाचा, व्हर्लिनचा.

मी तिथेच होते, वही घेऊन. केंटकी राज्यभरातून लोक मशीनगनच्या या नेमबाजीला येतात. आमच्या साप्ताहिकाची बातमी दरवर्षी माझीच. व्हर्लिनने चाप सोडला तरी ती थांबेना. "अगं लोरीन, ही थांबतच नाहीये!" म्हणत तो हसत मागे वळला — बंदुकीसकट! वेड्या! अशी सुटतच राहिली तर तोंड टेकडीकडेच धरायचं, गोळ्या संपू द्यायच्या. इथे हे आधी शिकवतात, चाप नंतर. कोय घडीच्या खुर्चीत कणीस खात होता. गळा उघडाच पडला. मी दोन्ही हातांनी दाबून धरला. बोटांमधून रक्त येतच राहिलं.

रविवार, १२
शेरीफ म्हणाला, "बंदुकीच्या नोंदणीचा कागद असेल तर अपघात. नसेल तर बंदुकीचीच दहा वर्षं, कोयचं वेगळं."

बंदूक तीच! सरकारच्या नोंदीत असली तर छंद, नसली तर तुरुंग. अडुसष्टमध्ये सरकारने महिनाभर बिननोंदीच्या बंदुका शिक्षेविना नोंदवू दिल्या, त्या माफीत डॅडींनी ही नोंदवली, असं व्हर्लिन छातीठोकपणे सांगतो. घर उपसलं. काही नाही.

मंगळवार, १४
कोयच्या भावाने, एस्टिलने, व्हर्लिनला पेट्रोल पंपावर गाठलं. हातात टायर काढायची पहार. जबडा दोन ठिकाणी मोडला, सात दात गेले. "ही पण थांबत नाही बघ!" म्हणत मारत होता. पंपवाल्याने नळीने पाणी मारून फरशी धुतली.

बुधवार, १५
कागद सापडला! शिकारीच्या जुन्या परवान्यांत. नंबर जुळतो. पोटभर रडले.

गुरुवार, १६
आमचे वकील सायझमोर यांनी कागद दोनदा वाचला. "हा तुझ्या वडिलांच्या नावावर. ते जूनमध्ये गेले. मुलाच्या नावावर करायचा अर्ज मंजूर होईपर्यंत बंदूक फक्त मृत्युपत्राप्रमाणे मालमत्ता सांभाळणाऱ्याकडे राहते. त्याआधी कुणाला दिली, तर देणारा आणि घेणारा दोघेही आत. कोण सांभाळतंय?"

"मी."

"अर्ज?"

घरातल्या घरात कसला अर्ज, असं वाटलं होतं.

शुक्रवार, १७
व्हर्लिनचा जबडा तारांनी बांधलाय. फेडरल अधिकाऱ्यांना त्याने पाटीवर लिहून दिलं — बहिणीच्या कपाटातून मी चोरली.

मीच त्याच्या हातात दिली होती. गोळ्याही मीच भरल्या.

सोमवारी नऊ वाजता माझी साक्ष आहे. शपथेवर.