तालमीतली बोट आणि माझा पंप

२ जून

पंप मीच निवडायचा! आज पंचायतीत ठरलं. सरपंच भाऊसो म्हणाले, "वहिनी, तुमाला मोबाइलवरचं समदं कळतं. पुरातल्या रबरी बोटीत हवा भरायचा करंटवरचा पंप तुमीच बघा." सदस्य होऊन दोन वर्षं झाली, आज पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं. तेही मोबाइलमुळे!

घरी सांगितलं तर आबांचा पारा चढला. आबा म्हणजे माझे सासरे, सुभेदार नाथाजी. पलटणीत नदीवर पूल आणि बोटी हेच काम केलेला माणूस. घरात दूध उतू गेलं तरी "ओके रिपोर्ट?" विचारतात. म्हणाले, "पुरात लाइट पयली जाती. पायाचा भाता कवा फसलाय का?"

भाता फसला नाही, खरंय. पण मागच्या पुरात तो तुडवून तीन पैलवान दमले, आणि बोट फुगेपर्यंत पलीकडच्या मळ्यात सृष्टीचे सासरे छातीच्या कळेनं गेले. सृष्टी म्हणजे माझी नणंद, आबांची एकुलती एक लेक. त्या दिवशी भात्यावर आबाही होते. म्हणून मी हे त्यांना ऐकवलं नाही. गिळलं.

६ जून

डोळे दुखायला लागले पंप बघून बघून.

घरच्या प्लगवर चालतो तो बाद. तिथं आबांचं बरोबरच आहे, पुरात पहिली लाइट जाते. (त्यांना सांगणार नाही.) चार्जिंगचा छोटा पंप दिसायला गोंडस, पण तो गादी फुगवायचा. हवा भसाभस भरतो, दाब धरत नाही. बोट मऊ राहिली तर माणसं बसल्यावर मधेच मोडणार. तिसरा बॅटरीवरचा. दोन चिमटे ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावायचे. आधी भराभर भरतो, मग दाबानं. आकडा लावून ठेवला की तेवढा दाब झाल्यावर आपोआप थांबतो, कमी झाला की पुन्हा सुरू. गावात लाइट नसली तरी ट्रॅक्टर आहेतच.

फोनवर ह्यांना विचारलं. सीमेवर बसून म्हणतात, "तुझ्या नि आबांच्या मधी मला घालू नगंस." शूर शिपाई!

तिसराच मागवते.

१५ जून

सृष्टीकडे जाऊन आले. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला ओढा, मधे तो मळा. पाणी चढलं की बेटच होतं. तिचा नवरा बाहेरगावी नोकरीला, थोरली पोरगी शाळेसाठी आमच्याकडे; मळ्यात ती आणि सासूच. ऑगस्टच्या शेवटाला दिवस भरतायत. म्हटलं, जुलैतच गावात ये. तर तिची सासू लीलाबाई, "पयलं बाळंतपण म्हायेरी, दुसरं सासरी. आन म्हसरांचं कोन बघंल?" सृष्टी नुसती हसली. "वहिनी, तुझा पंप हाय की आता."

थट्टेतच म्हणाली. पण मला रस्ताभर तेच ऐकू येत होतं.

२८ जून

पंप आला! तालमीत, जिथं बोट ठेवतो तिथंच, भाऊसोंनी पूजा मांडली. नवं यंत्र, पूजा तर होणारच. हार, हळदकुंकू, नारळ. मी मात्र आधीच बजावलं, अक्षता नकोत. पंपाबरोबरच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, नळीत खडा, वाळू, बारीकसारीक काही जाता कामा नये. भाऊसोंनी मान डोलावली. आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्षतांबिगार पूजा? आर्धी पूजा करण्यापरीस करूच नगा की!" आणि नारळ फुटायच्या आत निघून गेले.

चारचौघांत! कान तापले माझे.

नंतर शाळेच्या मैदानात बोट फुगवून पाहिली. चहाला आधण ठेवलेलं, चहा गाळेपर्यंत बोट टणक. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबा कुठं दिसले नाहीत.

३० जून

संध्याकाळी तालमीवरून येताना आबा आतून बाहेर पडताना दिसले. एकटेच. "काय बघत होता आबा?" "काय न्हाई. कुलूप बघत हुतो." हात कोटाच्या खिशात. आत जाऊन पाहिलं तर पंपाच्या नळीचं टोपण सैल. मी तर घट्ट बसवलेलं.

घट्ट लावलं परत. जेवताना विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

३ ऑगस्ट

कोयनेतून पाणी सोडलंय. ओढ्याला फुगवटा यायला लागला. सृष्टीला फोन केला, उद्या ये. म्हणाली, "उद्या म्हसरं हलवून येते."

४ ऑगस्ट

उद्या म्हणे! सकाळी उठलो तर मळ्याचा रस्ता पाण्याखाली.

५ ऑगस्ट

घाईत लिहितेय, अक्षर लागेल तसं लागो.

सकाळी लीलाबाईंचा फोन. "सृष्टीच्या पोटात कळा याय लागल्यात. पानी अंगणात हाय." तीन आठवडे आधी! लाइट गेलेली. ट्रॅक्टर ओढ्याच्या काठाला नेला, चिमटे लावले, पंप सुरू. बोट फुगली. आकडा आला, पंप थांबला. आबा कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभे.

पंप कुणाला येत नव्हता म्हणून मीही बसले. वल्ही मारायला तालमीतला अमृत. ट्रॅक्टरची बॅटरी काढून टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून बरोबर घेतली. का घेतली, माहीत नाही. बरं झालं घेतली.

निम्म्या पाण्यात उजवी बाजू मऊ लागली. हात लावला तर बोटं रुततात! हवा भरायच्या तोंडाला, व्हॉल्व्हला, कान लावला. फुसफुस. टोपण दाबलं तरी थांबेना. अमृत म्हणाला, "वहिनी, माघारी फिरवू?"

खरं सांगते, पहिला विचार सृष्टीचा नाही आला. माघारी फिरलो तर आबा जिंकले, हा आला. मग पलीकडे लीलाबाई लुगडं हलवताना दिसल्या. "पुढं चल," म्हटलं. नळी व्हॉल्व्हला लावली, पंप चालू ठेवला. थांबला की हवा जायची, हवा गेली की पुन्हा सुरू व्हायचा. एका हातानं नळी दाबून धरलेली, दुसऱ्या हातानं क्रेट.

सृष्टीला आत घेतलं. घामानं भिजलेली. माझा दंड धरला तो सोडलाच नाही. लीलाबाई कोंबड्यांची डालगी घेऊन आल्या, मी ओरडले, पहिल्यांदाच ओरडले त्यांच्यावर. डालगी माळ्यावर ठेवून आल्या.

परत येताना पंपाचा आवाज बदलला. जड झाला. बॅटरी उतरत होती. मी अमृतला काही सांगितलं नाही. सृष्टी विचारायची, "वहिनी, ह्यो आवाज असला का येतोय?" "असाच येतो गं." खोटं! उजवी बाजू पाण्याला टेकत आली. तेवढ्यात आबांनी फेकलेला दोर अमृतच्या हाताला लागला, आणि ओढत घेतलं आम्हाला सगळ्यांनी.

पंप काठाला लागल्यावर बंद पडला. काठाला!

आबांनी सृष्टीच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ओके रिपोर्ट?" मी तोंड फिरवलं. सैल टोपण. खिशातला हात. नळीत काहीतरी केलंय ह्यांनी, मला खात्री आहे. पोटच्या पोरीच्या बोटीत!

६ ऑगस्ट

आष्ट्याला दवाखान्यात मुलगा झाला. सृष्टी बरी आहे. बाळ लहान आहे, पण रडतंय जोरात. बसल्या जागी रडले मीही.

९ ऑगस्ट

पाणी ओसरतंय. गावभर "वहिनींचा पंप, वहिनींचा पंप" चाललंय. आबांशी चार दिवस बोलले नाही. जेवण वाढते, ताट ठेवते, निघून जाते. तेही काही विचारत नाहीत. गुन्हेगार कसा विचारेल?

उद्या व्हॉल्व्ह उघडणार. पुरावा हातात घेऊनच बोलेन.

१० ऑगस्ट

उघडला. रबराच्या पडदीखाली तांदळाचा दाणा अडकलाय. कुंकवानं लाल झालेला. नळीतून पंपानंच फुंकून तिथं नेलेला.

अक्षता! पण मी तर कुणाला टाकू दिल्या नव्हत्या.

११ ऑगस्ट

दाणा तळहातावर घेऊन आबांपुढे धरला. त्यांनी तो चिमटीत उचलला. मग हळूच म्हणाले, "पूजा आर्धी ऱ्हायली हुती गं. सगळ्यांम्होरं नगं म्हनलीस, म्हनून मागनं टाकल्या. पंपाला बी आन बोटीला बी. म्हनलं, तू मागिवलाय, तुजा पंप फसाय नगं."