बाळंतपणाला येऊ नका

४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आम्ही चौघे सुखरूप आहोत. इथे परक्या गावात तळमजल्यावर एक खोली मिळाली आहे, गाद्या जमिनीवरच. सुताराच्या घरात खाट नाही म्हणून तुझी भावजय उठता-बसता टोमणे मारते. पण दोन महिन्यांसाठी ठोकाठोक कशाला? शेजारचे निवृत्त कप्तान खात्रीने सांगतात की तेवढ्यात लढाई मिटते.

भिंगरीला सातवा लागला. माझी लेक तुझ्याच हातावर जन्मली, तिचं बाळही तुझ्याच हातात यावं. पुढच्या महिन्यात तिला घेऊन घरी येतो, मागची खोली झाडून ठेव. जावईबापू कुरकुरताहेत, पण त्यांचं कोण ऐकतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

येऊ नकोस. हे आधीच लिहिते, कारण पत्र शेवटपर्यंत वाचायचा तुला कंटाळा.

बाळंतपणं आता दवाखान्याच्या तळघरात होतात. वर धमाका झाला की दिवे जातात आणि बाईच्या कळा थांबतात. भीतीने कळा अशा थांबलेल्या मी इतक्या वर्षांत पाहिल्या नव्हत्या. मग मी आजोबांचं जुन्या यहुदी संदेष्ट्यांचं पुस्तक मोठ्याने वाचत बसते.

त्यात असंच वेढा पडलेलं शहर आहे. कितीतरी माणसं परमुलखात नेलेली. एक संदेष्टा देवाच्या नावाने छातीठोकपणे सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना ते गोड लागतं. दुसरा मागे शहरातच राहिलेला. तो परमुलखातल्यांना पत्र लिहितो, की घरं बांधा, बागा लावा, लेकरं होऊ द्या, तिथल्या गावाचं भलं चिंता; परतायला सत्तर वर्षं लागतील. तुझा कप्तान पहिल्याच्या जातीचा दिसतो. तू मुकाट्याने खाट कर.

भिंगरीचे पाय सुजले तर तिला पायांखाली उशी घेऊन निजायला सांग.
तुझी ताई

२९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. सत्तर वर्षं? तोवर तू आणि मी दोघंही मातीत. याला आशा म्हणतात? भिंगरी तर रडायलाच लागली. इथली सुईण पोरसवदा आहे, नखं रंगवते. तिच्या हाती मी लेक देणार नाही. गाडी ठरवली आहे, दहा-बारा दिवसांत निघतो.

घराबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. छप्पर गळतंय का?

रागावलोय, पण तुझाच,
धाकटा

५ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तू निघायच्या आत पोचावं म्हणून हे पत्र रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरकडे देते आहे.

घर उरलेलं नाही. मागची खोली, जिना, तुझं रंधे-पटाशीचं कपाट, काहीच नाही. मी कामावर होते म्हणून वाचले. तुला कळलं तर धावत येशील, म्हणून गप्प बसले. पुलावर गाड्यांवर गोळ्या झाडतात. पोटुशी बाई आहे हे कोणी बघत नाही.

मी घाबरले आहे रे. काल नाळ बांधायचं काम मी नर्सकडे दिलं. म्हणून त्या पत्र लिहिणाऱ्या संदेष्ट्याला चिकटून आहे. त्याने शहर जळेल म्हटलं, ते त्याच्या डोळ्यांदेखत जळलं. मग लोक परत येतील म्हणाला, तेही मी खरं मानते. ते पाहायला तो स्वतः उरला नाही. त्याचं ते पत्र जन्माला न आलेल्यांसाठी होतं, धाकट्या.

रंगीत नखांची का असेना, सुईण आहे. तिचा हात धरा.

तुम्हा सगळ्यांना जीव लावून बसलेली,
ताई

२ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी तुझं पत्र निघायच्या सकाळीच हाती पडलं आणि मी गाडी परत पाठवली. त्यानंतर तुझी ओळ नाही. तिकडचं टपाल इथे घेत नाहीत, म्हणून तिकडे जाणारा दिसेल त्याच्या हाती पत्र देतो. कोणी परत येऊन काही सांगत नाही. दारावर थाप पडली की बातमीच्या धास्तीने तुझी भावजय उठत नाही, मलाच जावं लागतं.

मी दुकान थाटलंय. कप्तान अजून दोनच महिने म्हणतात.

भिंगरीला मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. आपल्या घरात नाव तूच ठेवतेस, म्हणून तुझ्या उत्तरापर्यंत तिला नुसतं बाळ म्हणायचं ठरलं. बाळ कालपासून चालायला लागली.

उत्तराची वाट पाहणारा,
तुझा धाकटा