भुवयांचा होकार

प्रिय आई,

तुला घोर लागेल म्हणून लिहायचं टाळत होतो. इथे परदेशात संत्री तोडताना (गोड आहेत गं, पण आपल्या पपईची सर नाही) टॉन्सिल पुन्हा सुजले. घशातल्या त्या दोन गाठी उद्या काढणार आहेत.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गिळताना दुखतं?" मी भुवया उंचावल्या. "अरे, दचकतोस काय? हो की नाही, सांग!" आपला सामोआचा 'हो' इथे कुणालाच कळत नाही.

तू गळ्याला कोमट खोबरेल चोळायचीस, ते फार आठवतं. चर्चच्या गाण्यात माझी जागा राखून ठेव. आवाज परत येईल म्हणतात.

थांब, दारात कोणीतरी आलंय. अगं, तुझ्याशी अबोला धरून इथे येऊन राहिलेली फेतू मावशी! हातात तेलाची बाटली. "फार दुखतंय का रे?" मी भुवया उंचावल्या, आणि तिने लगेच बाटली उघडली.

तुझाच,
तानिएलू