आप्पांच्या नावावरची व्हॅन

३ ऑक्टो. ९६, गुरु.
व्हॅन दारात! पांढरी मारुती, लेथवाल्या आप्पांची. पैसे चुकते केले, चावी घेतली, बमरोलीतल्या आमच्या गल्लीतून मीच चालवत आणली. आता लेस लावलेल्या साड्यांचे गठ्ठे रिक्षात कोंबणं बंद. आप्पा सहीचे फॉर्म काढत होते. मीच म्हटलं, पितरपाट चालू आहे, नवं काही घ्यायचं नाही, सह्या घटस्थापनेनंतर करू. तोवर गाडी तुमच्याच नावावर, म्हणजे पितरपाटात आम्ही काही घेतलंच नाही! आप्पा खूप हसले. "बाई, तू वकील व्हायला पाहिजे होतीस." सासूबाईंनाही पटलं. बास.

९ ऑक्टो., बुध.
आप्पा काल गेले. लेथवर उभे असतानाच छातीत कळ आली. रडले, खरंच रडले. रडतारडता सहीची आठवण आली. लाज वाटली, पण आली.

२२ ऑक्टो., मंगळ.
तेरावं झालं म्हणून आज पांडेसऱ्याला आप्पांच्या घरी गेले. आप्पांचा मुलगा दिलीप, कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात असतो, तो दारातच आडवा. (यापुढे नुसता दि. पूर्ण नाव लिहायची त्याची लायकी नाही.) म्हणे, "वडिलांनी गाडी वापरायला दिली होती. विकल्याचा कागद दाखवा." कागद? गाववाल्याकडून कोण कागद घेतं! वर दात काढून म्हणतो, "पितरपाटात तुम्ही काही घेतलंच नाही ना, काकू?" आप्पांनी घरी हसत सांगितलं असणार. माझंच बोलणं माझ्याच तोंडावर मारलं मेल्याने.
आप्पांची बायको, जिजी, आत कोपऱ्यात बसवलेली. नवरा गेलेल्या बाईने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. भेटूसुद्धा दिलं नाही.

२४ ऑक्टो., गुरु.
ह्यांना घेऊन आर.टी.ओ. तीन खिडक्या फिरले. शेवटचा कारकून चांगला निघाला. मालक वारला तर आधी गाडी वारसाच्या नावावर, मग माझ्या. "बेन, बधा वारसदारनी सही जोईए." सगळे वारस म्हणजे जिजी आणि दि. झालं!
बाहेर एजंटाने गाठलं. मागची तारीख टाकू, म्हाताऱ्याची सही आमचा माणूस मारेल, संध्याकाळपर्यंत काम फत्ते. ह्यांचा चेहरा लगेच उजळला. मी म्हटलं, विकत घेतलेली गाडी चोरून कशाला घेऊ? हे चिडून माझ्या पुढे चालू लागले. चाला खुशाल.

२७, रवि.
हे: "देऊन टाक गाडी. गाववाल्यांशी वैर नको." का देऊ? दिवाळी तोंडावर आलीय. चौदा बायका माझ्यासाठी लेस लावतात, एक दिवस माल उशिरा गेला की मार्केटचा शेठ काम दुसरीला देईल. मग परत रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या! नाही देणार. खरं काय ते तुम्हीच सांगा, असा जिजींना निरोप धाडला, त्यांच्या शेजारणीच्या हातून. पोचला का, देव जाणे.

२९, मंगळ.
खालच्या दुकानात दि.चा फोन. "गुरुवारी गाडी न्यायला येतो. नाही दिली तर चोरीची तक्रार."
मी: "कर की. मीच चालवत चौकीत आणते."
फोन ठेवल्यावर घरी येऊन व्हॅनची चावी तांदळाच्या डब्यात लपवली. ही गोष्ट फक्त इथे लिहितेय.

३१, गुरु.
सकाळी गठ्ठे भरत होते. दि.च्या आधी जिजी आल्या! एकट्या, पांडेसऱ्याहून चालत. कोपरा सोडून! अख्खी गल्ली दारात. "सव्वा महिना तरी..." कुणीतरी पुटपुटलंच. जिजी सरळ व्हॅनपाशी. "त्यासनी गाडी तुले दिधी, मना डोयासमोर. मी सही करस."
म्हटलं, जिजी, एकट्या तुमच्या सहीने होत नाही, त्याचीही लागते. ऐकतायत कुठे! पुढच्या सीटवर बसल्या, पदर सावरला, दार लावून घेतलं.
तेवढ्यात स्कूटरवर दि. आला. आईला बघून पांढराफटक. "आई, घरी चल. लोक काय म्हणतील?"
जिजी खिडकीतून: "चोरीनी तक्रार करनी शे ना? मंग लिख, गाडीमा मनी माय बठेल व्हती."
असा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. गाडी चालू केली. आधी मार्केटला माल टाकला, मग इकडे.
आर.टी.ओ.च्या बाकावर लिहितेय. खिडकी जेवणासाठी बंद. दि. मागोमाग आलाय, दरवाजात उभा आहे. आत येत नाही, जातही नाही. मी बोलावणार नाही. जिजींनी तर त्याच्याकडे पाहिलंही नाही.
खिडकी उघडली. जिजी सहीला माझंच पेन मागताहेत.